आखाजीच्या झोक्यावर तुटलेला दात

चोपडा तालुक्यातल्या एका गावातून एका आईचं पत्र आलंय. लांब आहे, म्हणून मुद्द्याचं तेवढं देते. मुलगी साडेआठ वर्षांची, तिसरीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मामाच्या गावी गेली होती, कडुनिंबाला बांधलेल्या झोक्याची फळी परत येताना सरळ तोंडावर बसली. वरचा पुढचा दात अर्धा तुटला, तुटलेल्या जागी मधोमध लाल ठिपका दिसत होता. गावातल्या डॉक्टरांनी दुखायच्या गोळ्या दिल्या, चार-पाच दिवसांत दुखणं थांबलं, घरचे म्हणाले झालं बरं. आता गणपती उठल्यावर त्याच दाताच्या वर हिरडीला पुळी आलीय, दाबली की पू येतो, बसते, परत येते, आणि दात राखाडी पडलाय. पुढे त्या लिहितात:

"तालुक्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, म्हणाले मूळच पूर्ण बनलेलं नाही, रूट कॅनल होणार नाही, काढून टाका, बाजूच्या दोन दातांवर ब्रिज बसवू. जळगावचे डॉक्टर म्हणाले काढू नका, आत औषध भरू आणि सात-आठ महिने बदलत राहू. नात्यातला एक मुलगा म्हणतो एमटीए म्हणून सिमेंट असतं, दोन सिटिंगमध्ये काम होतं. सासूबाई म्हणतात काढी टाक तो दात, दुसरा ई जाई (येईल). मॅडम, पोरीची जात, समोरचा दात, चुकलं तर आयुष्यभराचं. माझ्यामुळेच उशीर झाला का? आणि पोरगी रोज विचारते, पुढच्या आखाजीला झोक्यावर बसू का नको."

ताई, नमस्कार. सगळ्यात आधी, दात काढू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून तो वाचवण्यासारखा आहे, आणि नाहीच वाचला तरी काढायची घाई करण्यासारखं साडेआठ वर्षांच्या तोंडात काही नाही.

सासूबाईंना समजावून सांगा की हा दुसरा ई जानारा दात नाही, हाच दुसरा आहे. दुधाचा तिथला दात सहा-सात वर्षांची असताना पडला असेल, त्याच्या जागी हा आला, आता याच्यामागे कोणी रांगेत उभं नाही. त्यांचा दोष नाही, पोरीच्या तोंडात मागे अजून दुधाच्या दाढा आहेत, त्या पडायच्याच आहेत, मग हा पण त्यातलाच असं वाटणं साहजिक आहे.

आता "मूळ बनलेलं नाही" म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण तुमचा सगळा गोंधळ तिथेच आहे. वरचा पुढचा कायमचा दात सात-आठ वर्षांचं असताना तोंडात दिसायला लागतो, पण तेव्हा हाडातलं त्याचं मूळ अर्धवटच असतं. दात बाहेर आल्यावर मूळ पूर्ण व्हायला अजून साधारण तीन वर्षं लागतात, म्हणजे दहाच्या आसपास. हे मूळ वाढवायचं काम दाताच्या आतली नस करते, आपण नस म्हणतो पण तो मऊ जिवंत गाभा असतो, त्यात रक्त असतं, पेशी असतात, त्या आतून थरावर थर देत मुळाच्या भिंती जाड करतात आणि टोकाकडे लांबी वाढवत नेतात, आणि शेवटी टोक बारीक होत जवळपास बंद होतं. तुमच्या लेकीच्या दातावर जो लाल ठिपका दिसत होता तो हाच गाभा होता. तो उघडा पडला, त्यात जंतू गेले, महिन्या-दोन महिन्यांत तो मेला, आणि गवंडी काम अर्धवट टाकून निघून गेला की भिंत जिथे असेल तिथेच राहते तसं मूळ त्या दिवशी जेवढं होतं तेवढंच राहिलं. भिंती पातळ, टोक सताड उघडं. पूर्ण वाढलेला हा दात साधारण २२-२३ मिलिमीटर लांब असतो, त्यात मूळ १३ च्या आसपास. तुमच्या मुलीचं किती झालंय ते एक्स-रेवर मोजता येतं, डॉक्टरांना आवर्जून विचारा.

दुखायचं का थांबलं? नस मेली म्हणून थांबलं. आणि आता पुळीतून पू वाहून जातो, आत दाब साठत नाही, म्हणून अजूनही दुखत नाही. न दुखणं हे इथे बरं झाल्याचं लक्षण नाही ताई, हे मी दवाखान्यात इतक्या वेळा सांगितलंय, तरी परत सांगते. नुसता दात काळपट झाला असता तर मी थांबा म्हटलं असतं, कारण मार लागल्यावर दाताचा रंग कधी कधी बदलून परत येतो, आणि नव्या उघड्या मुळाच्या दातात थंडगार लावून बघायची टेस्टही फसवी असते, त्यामुळे फक्त रंगावरून किंवा फक्त टेस्टवरून नस मेली असं कोणी ठरवू नये, निदान दोन लक्षणं तरी हवीत. पण तुमच्याकडे रंग पण आहे आणि पू पण आहे, एक्स-रेत टोकाशी काळी सावली दिसत असेल तर शंका उरतच नाही.

मोठ्या माणसाच्या रूट कॅनलमध्ये काय करतात, आतली मेलेली नस काढतात, बारीक सुयांनी नळी घासून आकार देतात, धुतात, आणि गटापर्चा नावाचं रबरासारखं भरण दाबून भरतात. हे दाबून भरणं जमतं कारण खाली टोक बारीक असतं, माल तिथे अडतो. तुमच्याकडे केळीला ठिबक असेलच, नळीच्या शेवटाला आठचा आकडा लावला नाही किंवा नळी दुमडली नाही तर पाणी सगळं शेवटाकडून निघून जातं, दाब तयारच होत नाही. अगदी तसं आहे हे. शेवट उघडा असलेल्या मुळात भरण दाबायला गेलं तर ते हाडात निघून जातं, आणि घासायला गेलं तर अंड्याच्या टरफलासारख्या भिंती अजून पातळ होतात. म्हणून तालुक्याचे डॉक्टर म्हणाले ते नेहमीच्या रूट कॅनलपुरतं खरं आहे. पण त्यावरून दात काढायचा हे काही निघत नाही, शेवट बंद करायचे मार्ग आहेत आणि ते आजचे नाहीत.

जळगावच्या डॉक्टरांनी सांगितला तो जुना मार्ग, १९६० च्या दशकापासून चालत आलेला. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट आत भरायची, काही महिन्यांनी बदलायची, आणि हळूहळू टोकाशी एक कडक पापुद्रा धरतो, मग त्यावर नेहमीसारखं भरायचं. सहा महिने, वर्ष, कधी दीड वर्ष. चालतो हा मार्ग, मी स्वतः कितीतरी मुलांमध्ये केलाय. पण त्याच्या दोन अडचणी आहेत. एक म्हणजे इतके दिवस दात तात्पुरत्या भरणावर राहतो, भरण निघालं, गळलं की परत जंतू आत. दुसरी जास्त वाईट, हे औषध महिनोन्‌महिने आत राहिलं तर आधीच पातळ असलेली भिंत ठिसूळ होते असं संशोधनात दिसलंय. अमळनेरकडचा एक मुलगा होता माझ्याकडे, अकरावा महिना चालू होता, टोकाशी पापुद्रा धरत आला होता, एक्स-रे बघून मला फार आनंद झाला होता. पंधरा दिवसांनी आई त्याला घेऊन आली, हातात रुमालात दात. ऊस सोलताना हिरडीच्या पातळीला कटकन तुटला. तो रुमाल मी विसरले नाही, तेव्हापासून जिथे जमेल तिथे मी हा लांबचा रस्ता धरत नाही.

तुमच्या नात्यातला मुलगा बरोबर सांगतो. एमटीए म्हणजे मिनरल ट्रायॉक्साइड अ‍ॅग्रिगेट, अमेरिकेत लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी १९९३ च्या सुमारास पुढे आणलेलं. घर बांधायच्या पोर्टलँड सिमेंटच्याच जातीचं आहे, फक्त शुद्ध केलेलं आणि एक्स-रेत दिसावं म्हणून त्यात बिस्मथ घातलेलं. पाण्याने कालवतात, ओल्या वाळूसारखं होतं, ते मुळाच्या शेवटाला चार-पाच मिलिमीटरचा थर होईल असं हलक्या हाताने बसवतात, आणि ते ओलाव्यातच तीन-चार तासांत घट्ट होतं, शरीर त्याला परकं मानत नाही. पापुद्रा धरायची वाट बघायची गरजच नाही, आपणच बूड घालून दिलं. बायोडेंटिन म्हणून त्याच धाटणीचं दुसरं सिमेंट आहे, ते बारा-पंधरा मिनिटांत सेट होतं आणि दात करडा पडायची भीती कमी, समोरच्या दातात मला ते जास्त आवडतं.

पण दोन सिटिंगमध्ये बूड घातलं तरी भिंत पातळ ती पातळच राहते, मूळ वाढत नाही. म्हणून तिसरा मार्ग आहे, तो तुम्हाला कोणीच सांगितलेला दिसत नाही. रिव्हॅस्क्युलरायझेशन म्हणतात, म्हणजे आत परत रक्त आणायचं. २००१ मध्ये जपानमधून आणि २००४ मध्ये अमेरिकेतून अशा एकेका मुलाची हकिगत छापून आली तेव्हापासून जगभर करायला लागले. आतले जंतू औषधाने पूर्ण मारायचे, मग एका सिटिंगला बारीक सुई मुळाच्या टोकापलीकडे किंचित नेऊन मुद्दाम रक्त आणायचं, ते नळीत वरपर्यंत भरू द्यायचं, गोठलं की त्यावर सिमेंट आणि वर पक्कं भरण. त्या गाठीत टोकाकडच्या जिवंत पेशी येतात आणि बऱ्याच मुलांमध्ये पुढच्या वर्ष-दोन वर्षांत भिंती जाड होताना, कधी मूळ लांबतानाही दिसतं. सगळ्यांमध्ये नाही. आत जे तयार होतं ती खरी नस नसते, हाडासारखं, मुळाच्या बाहेरच्या आवरणासारखं काहीतरी असतं, आणि मार जोरात लागलेल्या दातात भरवसा जरा कमी. पण पुळी बसते, हाड भरून येतं, आणि मूळ नाहीच वाढलं तर एमटीएचं बूड घालायचा रस्ता तसाच मोकळा राहतो, म्हणून खूप लहान मूल आणि खूप पातळ भिंत असेल तर मी आधी याचा विचार करते. तुमच्या मुलीचं वय बघता तिच्या डॉक्टरांना हे नक्की विचारा. एक्स-रेत मूळ अर्ध्याच्या आसपास असेल तर हा मार्ग, पाऊण झालेलं असेल आणि तुम्हाला परत परत येणं जमणार नसेल तर सरळ बूड, असं माझं मत. प्रत्यक्ष तोंड बघणाऱ्या डॉक्टरचं मत माझ्या वरचं धरा.

तुम्ही तिथे बसलेल्या असाल तेव्हा घाबरू नये म्हणून सांगते काय काय दिसेल. दातावर रबराचा निळा-हिरवा पडदा लावतील, त्याला रबर डॅम म्हणतात, हा पाहिजेच, याबाबतीत तडजोड करू नका, थुंकी आत गेली तर सगळं फुकट. मग आत सोडियम हायपोक्लोराइटने धुतील, वास कपडे पांढरे करायच्या पाण्यासारखा येतो. शेवट उघडा असल्यामुळे ते पाणी जोरात सोडलं तर हाडात जाऊन तोंड भयंकर सुजतं, म्हणून डॉक्टर कमी तीव्रतेचं घेतात, सुई टोकाच्या अलीकडेच ठेवतात आणि थेंब थेंब सोडतात, वेळ लागतो, मुलगी कंटाळेल, तिला आदल्या दिवशी सांगून ठेवा. घासणं जवळपास नाहीच. मग आत औषध ठेवून दोन ते चार आठवड्यांनी बोलावतील, तेवढ्यात पुळी बसलेली दिसेल आणि तुम्हाला वाटेल झालं बरं. तिथे थांबू नका. आखाजीनंतर हेच झालं होतं.

रिव्हॅस्क्युलरायझेशन करायचं ठरलं तर त्या दिवशी बिगर अ‍ॅड्रिनॅलिनचं भुलेचं इंजेक्शन देतात, कारण नेहमीच्या इंजेक्शनने रक्त येत नाही, आणि दातातून रक्त आलेलं दिसेल, ते आणायचंच असतं. शेवटी पांढरं कंपोझिट भरण हिरडीच्या पातळीच्या थोडं खालपर्यंत नेलेलं चांगलं, कारण असे दात नेमके मानेशी तुटतात, आणि तुटलेला अर्धा भाग पण त्याच कंपोझिटने बांधून देतात, त्याच दिवशी दिसायला पूर्ण दात. कॅप आत्ता नको. धातूचा खिळा म्हणजे पोस्ट तर नकोच नको. रंग करडा राहिला तर पुढे आतून उजळवता येतो.

आता ब्रिजचं. मला कोणा डॉक्टरबद्दल वाईट बोलायचं नाही, पण साडेआठ वर्षांच्या मुलीला ब्रिज हे मला अजिबात पटलेलं नाही. ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांना धरून बसवलेला खोटा दात, त्यासाठी शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात, त्या दातांच्या आतला गाभा या वयात मोठा असतो, पृष्ठभागाच्या अगदी जवळ, आणि त्यांचीही मुळं अजून उघडीच आहेत, म्हणजे एका दाताचं दुखणं तिघांना वाटून द्यायचं. शिवाय जबडा वाढतोय, पक्का ब्रिज त्याला जखडतो. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचा कृत्रिम दात, तो पण आत्ता नाही, निदान अठरा-वीसपर्यंत नाही, कारण इम्प्लांट हाडाला चिकटून जागेवरच थांबतो आणि शेजारचे दात जबड्याबरोबर खाली येत राहतात, मग तो एकटाच वर राहिल्यासारखा आखूड दिसतो. आणि दात काढला की तिथलं हाड बारीक होत जातं, पुढे इम्प्लांटला जागाच कमी. म्हणून हा दात पंधरा-सोळाव्या वर्षी गेला असं धरलं तरी तोपर्यंत त्याने हाड राखलं, जागा राखली, शाळेची सगळी वर्षं ती तोंड उघडून हसली. "पोरीची जात" तुम्ही लिहिलंय ते कशातून लिहिलंय मला कळतं, पण मुलगा असता तरी मी हेच सांगितलं असतं.

कुठे जायचं, तर लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर म्हणजे पेडोडॉन्टिस्ट किंवा रूट कॅनलचे स्पेशालिस्ट म्हणजे एन्डोडॉन्टिस्ट, दोघांपैकी कोणीही. जळगावात मिळतील. खर्च जड वाटत असेल तर धुळ्याला, नाशिकला डेंटल कॉलेज आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी आहे, तिथे वेळ जातो, चकरा होतात, पण खर्च कमी लागतो आणि शिकणाऱ्यांच्या डोक्यावर सर उभे असतात. काढलेले एक्स-रे बरोबर न्या, मोबाईलमध्ये फोटो असला तरी चालेल. आणि शेजारचा दुसरा पुढचा दात पण तपासायला सांगा, हे कोणी मनावर घेत नाही. फळी एका दातावर बसत नाही, शेजाऱ्यालाही धक्का लागलेला असतो, तो आज पांढराशुभ्र दिसत असेल पण त्याचं मूळ पुढच्या एक्स-रेत वाढलंय का हे बघत राहायचं. वाढतंय म्हणजे तो जिवंत आहे, याहून चांगली टेस्ट नाही.

तोपर्यंत घरी मेडिकलवरून अँटिबायोटिक आणून देऊ नका, पू दातातून येतोय, गोळी मेलेल्या नसेपर्यंत पोचतच नाही कारण तिथे रक्तच नाही. पुळी दाबू नका, लवंगाचं तेल नको, मिसरी तर अजिबात लावू देऊ नका. मऊ ब्रशने दोन वेळा दात घासायचे, त्या दातावरूनही. ऊस, कणीस, अख्खा पेरू पुढच्या दाताने तोडायचा नाही, चिरून द्या, हे उपचार झाल्यावरही कितीतरी वर्षं पाळायचंय. तपासणी तीन महिने, सहा महिने, वर्ष, मग दरवर्षी, पुळी नसली तरी.

उशीर माझ्यामुळे झाला का, हे तुम्ही विचारलंय. खरं सांगते, त्या पहिल्या दिवसांत दाताच्या डॉक्टरकडे गेला असता तर नस बहुतेक वाचली असती. मिओमिर त्स्वेक (Cvek) नावाच्या डॉक्टरांनी स्वीडनमध्ये १९७८ मध्ये दाखवलं होतं की मार लागून उघडी पडलेली नस वरून फक्त एक-दोन मिलिमीटर काढून त्यावर औषध ठेवलं की ६० दातांपैकी ९६ टक्के बरे झाले, आणि नस जिवंत राहिली की मूळ आपलं आपण वाढतं. पण हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं? लाल ठिपका दिसला तर धावा, असं गावात कुठे लिहिलेलं असतं? तुम्ही डॉक्टरकडे गेलात, दिलेली गोळी दिली, दुखणं थांबलं म्हणून थांबलात. यात आईची चूक मला दिसत नाही, आणि घरात कोणी तसं बोलत असेल तर हे पान त्यांना वाचायला द्या.

बाकी वाचणाऱ्यांनी मात्र एवढं लक्षात ठेवा, कारण पुढच्या आखाजीला परत कुठेतरी फळी लागणार आहे. दाताचा तुकडा पडला तर शोधा आणि पाण्यात किंवा दुधात घालून आणा, तोच परत चिकटवता येतो. आणि आख्खा कायमचा दात मुळासकट निखळला तर त्याला वरच्या पांढऱ्या भागाला धरायचं, मुळाला बोट लावायचं नाही, घासायचं तर नाहीच, माती लागली असेल तर दुधाने नाहीतर पाण्याने क्षणभर विसळायचा आणि तिथल्या तिथे परत जागेवर बसवून मुलाला रुमाल चावून धरायला लावायचं. हिंमत होत नसेल तर दुधाच्या ग्लासात टाका, ठेवायला पाणी नको, दूधच, आणि तासाच्या आत दवाखाना गाठा. दुधाचा दात निखळला तर तो परत बसवायचा नाही, खालच्या नव्या दाताला धक्का लागतो.

लेकीला सांगा, पुढच्या आखाजीला झोक्यावर बसायचं. नक्की बसायचं. फक्त कोणी झोका घेत असेल तर समोर किंवा मागे उभं राहायचं नाही, बाजूला, दोन हात लांब. आणि मामांना सांगून लाकडी फळीच्या ऐवजी जुनं टायर नाहीतर गोधडीची घडी बांधून घ्या. दिवाळीच्या सुट्टीत दातांचं बघू असं करू नका ताई, या आठवड्यातच जा, आणि एक्स-रे झाला की मूळ किती मिलिमीटर आहे ते मला कळवा.